यांगोनाच्या जागी खराटा

तोरिका गाडीत चढली की आधी माणसं मोजते, मग टोप्या मोजते. "आठ माणसं, सहा टोप्या," असं मला आरशातून सांगते. माणसं संध्याकाळी परत आणायची असतात आणि टोप्या वाईसावूच्या वेशीवर उतरवायच्या असतात. त्या गावात तुरांगाच्या, म्हणजे गावच्या मुख्याच्या घरासमोरून डोकं झाकून जाणं म्हणजे त्याचा अपमान. हे ती पाहुण्यांना तीन वेळा सांगते आणि तरी एखादी टोपी राहतेच.

एकोणीस वर्षं आमचा हा धंदा चाललाय. सकाळी आठला सुवा शहरातल्या हॉटेलातून पाहुणे उचलायचे, डोंगरात वाईसावूच्या धबधब्याला न्यायचे, पोहू द्यायचं, जेवू घालायचं आणि अंधाराच्या आत परत. ती बोलते, मी गाडी चालवतो. या वाटणीबद्दल माझी तक्रार नाही, तिच्या विनोदांबद्दल आहे. एकोणीस वर्षांत तिने एकही नवा केलेला नाही. "हा सुरूज, आमचा ड्रायव्हर. याचे पणजोबा ऊस तोडायला जहाजातून आले, तेव्हापासून हा थकलेला आहे." पाहुणे हसतात. सगळ्यात आधी ती स्वतः हसते, आणि तेही असं की मागची सीट हलते. मी हा विनोद दोन हजार वेळा ऐकलाय आणि माझे पणजोबा बिचारे दोन हजार वेळा थकलेत.

बाईची पन्नाशी उलटली आहे. अंगाने भरलेली, डोक्यावर केसांचा मोठा गोल, कानामागे जास्वंद, आणि पाय कायम अनवाणी. ती कुणाला भिणारी नाही. एकदा सिडनीच्या कुणा वकिलाने मनाई असताना वरच्या कड्यावरून डोहात उडी मारली. तोरिकाने कपड्यांसकट पाण्यात उतरून त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि म्हणाली, "आधी धबधब्याची माफी माग." त्याने मागितली. दोनदा मागितली, कारण पहिली तिला ऐकू आली नाही.

पण वाईसावूच्या वेशीवर हीच बाई बदलते. आवाज खाली येतो, मान खाली जाते. धबधब्याच्या वाटेवर कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, तुम्ही याच गावच्या का?" ती म्हणते, "नाही, मी सुव्याची. इथं मी तुमच्यासारखीच पाहुणी." हे वाक्य मात्र ती न हसता म्हणते.

ते खोटं आहे. गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

तिची आई आलुमिता वाईसावूची. गावच्या तुरांगाची धाकटी बहीण. ती कुणाला न विचारता दूरच्या बेटावरच्या एका खलाशाबरोबर निघून गेली. भाऊ म्हणाला, या घरात आता तिचं नाव निघणार नाही, आणि नाही निघालं. आलुमिता सुव्यात वारली तेव्हाही गावातून कुणी आलं नाही. आता आईचं गाव म्हणजे आजोळ, आणि या लोकांत आजोळावर भाचरांचा केवढा हक्क! मामाच्या गावात जाऊन भाचा डुक्कर नेईल, होडी नेईल, मामाने चकार शब्द काढायचा नाही. तोरिकाने मात्र सहलींच्या कंपनीत नोकरी धरली आणि वाईसावूची वाट मागून घेतली. बाकीचे सोपे धबधबे सोडून ही चिखलातली वाट कशाला, असं मी विचारलं होतं. कारण मला खूप उशिरा कळलं.

पहिल्या दिवशी ती मामासमोर चटईवर बसली आणि सेवुसेवूची जुडी पुढे सरकवली. गावात शिरायचं तर यांगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात कालवून प्यायच्या, मुळ्यांची जुडी देऊन परवानगी मागायची, त्याला सेवुसेवु म्हणतात. मामाने तिला ओळखलं, कारण चेहरा आईचाच. पण त्याने टाळ्या वाजवून जुडी स्वीकारली आणि म्हणाला, "आभारी आहोत, मॅडम." त्यानंतर एकोणीस वर्षं, आठवड्यातून दोनदा, मॅडम. कोपऱ्यात चटई विणत बसणारी म्हातारी उनाइसी तर तिची सख्खी मावशी. पण भावाचा शब्द म्हणून तीही बोलली नाही. ती फक्त तोरिकाच्या पायांकडे बघत बसायची.

तुम्ही म्हणाल, मॅडम म्हटलं तर बिघडलं काय? मानच दिला ना! इथंच तर गोम आहे. या लोकांत आते-मामेभावंडं एकमेकांना तावाले म्हणतात, आणि तावाले म्हणजे थट्टेला मोकळं रान. सुव्याच्या बाजारात तोरिकाच्या बापाकडची एक आतेबहीण आहे, माकेरेता, कोळंबी विकते. तोरिका दिसली की ती चार गाळ्यांवरून ओरडते, "आला गं बाई आला, चालता भोपळा आला!" तोरिका ओरडते, "तुझ्या कोळंबीपेक्षा तुझाच वास लांबून येतो!" आणि मग दोघी गळ्यात पडतात. परक्याशी मात्र हेच लोक इतकं गोड आणि बेताचं बोलतात की ऐकणाऱ्याचे दात आंबावेत. ज्याची थट्टा करत नाहीत, तो त्यांचा नाही.

या वर्षी तो म्हातारा तुरांगा गेला. शंभर रात्रींचं सुतक पाळलं, धबधब्याची वाटही तोवर बंद. मग मुलगा इनोके बापाच्या जागी बसला, आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्हाला पहिल्यांदा बोलावणं आलं. दिवाळी चार दिवसांवर होती.

त्या दिवशी गाडीत माझे पणजोबा थकलेच नाहीत. तोरिका पाहुण्यांशी नीट बोलत होती, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. वाटेत सावानी गावात चहासाठी थांबलो तेव्हा मी तिला बाजूला घेतलं.

"पोट बिघडलंय का गं?"

"नाही रे." ती कप हातात धरून नुसतीच उभी होती. "आज इनोके बसणार समोर. मामेभाऊ माझा. कधी बोललो नाही, पण मामेभाऊ तो मामेभाऊच ना."

"मग?"

"मग काय. मला काय म्हणतो ते बघायचं. तो पण मॅडम म्हणाला, तर सोमवारी ऑफिसात सांगणार, ही वाट दुसऱ्या कुणाला द्या. मी शहरातली सहल घेते. म्युझियम, बाजार, बस."

"म्युझियमात तुझे विनोद कोण ऐकणार? काचेतली हाडं?"

ती हसली नाही. "सुरूज, बापाचं मी समजू शकते. तो रागावला होता. पण मुलगाही तसंच म्हणाला तर मग राग नाही, मग मी खरंच परकी. परक्यासारखं अजून किती वर्षं बसू तिथं?"

मी तिला माझ्या डब्यातली पोळी देऊ केली, तीही तिने घेतली नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

आता चुकीबद्दल. चूक माझी आहे, पण सगळी नाही. थोडी माझी बायको सुभागवती हिची आहे. धनतेरसला घरात नवा झाडू यायला हवा, आणि झाडू म्हणजे लक्ष्मी, तेव्हा ती उघडी आणायची नाही, लोकांचे पाय लागतात, असा तिचा हुकूम. म्हणून मी सकाळी सातला बाजारात नारळाच्या हिरांचा एक छान लांब खराटा घेतला, तो वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला आणि वरून लाल फीत बांधून घेतली. लक्ष्मी आहे, नुसती सुतळी कशी बांधायची? शेजारच्याच गाळ्यावर तोरिका यांगोनाच्या लांब मुळ्यांची जुडी घेत होती. तीही वर्तमानपत्रात. तीही लाल फितीत. दोन्ही माझ्या सीटमागे ठेवली.

वाईसावूच्या वेशीवर पाऊस नुकताच थांबला होता. पाहुण्यांनी सुलू गुंडाळले, म्हणजे कमरेला लुंगीसारखं कापड. टोप्या उतरल्या. सिडनीपलीकडच्या डब्बोहून आलेल्या ग्लेनिसबाई म्हणाल्या, माझे केस आज बसलेले नाहीत, टोपी राहू दे. तोरिका म्हणाली, "बाई, माझे केस पन्नास वर्षं बसलेले नाहीत." टोपी उतरली. पाहुण्यांचाही एक मुख्य नेमायचा असतो, त्याने जुडी हातात धरून पुढे चालायचं. तोरिकाने सगळ्यात वयस्क म्हणून डेस्मंडसाहेबांना नेमलं. बॅलरॅटचे निवृत्त मास्तर. त्यांनी लगेच पोट आत घेतलं.

"सुरूज, जुडी दे."

माझ्या एका हातात पोळी-भाजी होती. मी दुसरा हात मागे घालून, न बघता, जुडी दिली. डेस्मंडसाहेबांनी ती दोन्ही हातांवर तान्ह्या बाळासारखी घेतली आणि मिरवणूक निघाली.

मी आत जात नसतो. गुडघे दुखतात, मांडी घालून दीड तास बसवत नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यात माझी एक झोप होते. पोळी खाल्ली. पावसात भिजलेल्या टॉवेलांची पिशवी लक्ष्मीला लागतेय असं दिसलं, म्हणून लक्ष्मी उचलून पुढे घेतली. तर तिला वास आला. ओल्या मातीचा आणि मिऱ्यांचा.

झाडूला मिऱ्यांचा वास येत नाही. मी फीत सरकवून आत बोट घातलं. यांगोनाच्या मुळ्या.

शंभर रात्रींच्या सुतकानंतरचं पहिलं सेवुसेवु, नवा तुरांगा, तोरिकाची एकोणीस वर्षं, आणि त्या चटईवर माझ्या बायकोचा खराटा. मी जुडी बगलेत मारून धावलो. अर्ध्या वाटेवर आठवलं की माझ्या अंगात अर्धी चड्डी आहे आणि अशा पायांनी त्या घरात शिरता येत नाही. परत धावलो. ग्लेनिसबाईंचा टॉवेल कमरेला गुंडाळला. त्याच्यावर मोठे गुलाबी पक्षी होते. पळताना एक पक्षी सारखा माझ्या गुडघ्यात येत होता.

दारात पोचलो तेव्हा तुरांगाचा कारभारी, म्हातारा आपिसाई, स्वीकाराचं भाषण संपवत होता. जुडीला हात लावून तो म्हणत होता की, ही भेट मोठी आहे, आमच्या योग्यतेपेक्षा मोठी आहे, असली भेट या घराने क्वचितच पाहिली असेल. ते मात्र खरं होतं. सगळ्यांनी पोकळ हातांच्या टाळ्या वाजवल्या. भाषण चालू असताना मध्ये बोलणं म्हणजे दुसरा अपमान, तेव्हा मी दारात ओणवा होऊन तोंड उघडून मिटत राहिलो. टाळ्या थांबल्या. जुडी कुटायला सेमेसा नावाच्या दांडग्या गड्याने ती उचलली, उखळाजवळ नेली आणि कागद फाडला.

खराटा फसकन पसरला.

बाहेर एक कोंबडी तेवढी बोलली. मग ग्लेनिसबाईंनी हळूच विचारलं, "आपण हे पिणार आहोत का?"

तोरिकाचा चेहरा मला बाजूने दिसत होता. तो पाहून मला वाटलं की मी त्या धबधब्यावरून उडी टाकावी आणि माफीही मागू नये. ती इतकी वाकली की कपाळ चटईला टेकलं. तिने दाराकडे पाहिलं होतं, मला पाहिलं होतं, माझ्या बगलेतली जुडी पाहिली होती. ती सांगू शकली असती. पण ती म्हणाली, "चूक माझी आहे. पाहुण्यांचा दोष नाही, दुसऱ्या कुणाचाही नाही. जुडी मी आणली, मी बघायला हवी होती."

आता मी भांडखोर माणूस आहे, पण माझं पाप दुसऱ्याच्या पदरात टाकणारा नाही. मी गुडघ्यांवर रांगत आत शिरलो. त्यांची भाषा मला बाजारातली येते, भाव करण्यापुरती आणि शिव्या देण्यापुरती. त्यातले शिव्यांचे शब्द वगळले तर फार काही उरत नाही. तेवढ्यावर मी म्हणालो, "तिची नाही, माझी चूक. झाडू माझा."

इनोके बापाच्या जागी बसला होता. चाळिशीचा धिप्पाड माणूस, आणि छातीपर्यंत दाढी, कारण सुतकात दाढी करत नाहीत आणि ती काढायला अजून सवड झाली नव्हती. त्याने माझ्याकडे, मग गुलाबी पक्ष्यांकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"झाडू, साहेब."

"ते दिसतंय. तो माझ्यासमोर का आहे?"

"साहेब, आमच्यात झाडू म्हणजे लक्ष्मी. देवी. दिवाळीला नवी आणतो. तिला पाय लागला तर नमस्कार करतो. अपमान करायला नाही आणला. उलट मान आहे, फक्त… चुकीच्या घरी आला."

"देवीला तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळता?"

माझी जीभ माझ्या हातात नसते. "तुम्हीपण गुंडाळता," मी म्हणालो आणि बगलेतली जुडी वर धरली.

बायकांच्या रांगेत कुणीतरी पदर तोंडावर घ्यावा तसे दोन्ही हात तोंडावर घेतले. आपिसाईने डोळे मिटले. इनोके हसला नाही. तो तोरिकाकडे वळला. ती अजून वाकलेलीच होती. मी मनात म्हणत होतो, बाबा रे, वाटेल ते म्हण, हाकलून दे, पण तेवढं मॅडम म्हणू नकोस.

"एकोणीस वर्षं माझ्या बापाला चांगल्या मुळ्या पाजल्यास," इनोके म्हणाला. "आणि मी बसलो तर झाडू? माझं घर इतकं घाण दिसतं का गं तुला, आत्याच्या पोरी?"

आत्याच्या पोरी. त्या घरात चटईवर बसलेल्या तीस माणसांनी माना तोरिकाकडे वळवल्या. आलुमिताचं नाव त्याने घेतलं नव्हतं, पण तिची जागा तिच्या मुलीला दिली होती, आणि तीही भर सभेत थट्टा करून.

तोरिकाने मान वर केली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. पण तावालेने थट्टा केली की उत्तर द्यावंच लागतं, नाही दिलं तर नातं नाकारल्यासारखं होतं. ती म्हणाली, "घराचं माहीत नाही रे. तुझ्या दाढीचं ऐकलं होतं, म्हणून आणला."

मग जो हशा उठला, त्याने उखळाजवळची वाटी पडली. सेमेसा तर भिंतीला टेकून रडत हसत होता. डेस्मंडसाहेबांना काही कळलं नव्हतं, तरी मुख्य या नात्याने तेही हसले.

हसू ओसरलं तेव्हा कोपऱ्यातून म्हातारी उनाइसी बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"हसताय काय? पाहुणा यांगोना घेऊन येतो. झाडू घेऊन लेक येते. एवढं समजायला माझे दात पडावे लागले का?" मग तोरिकाला म्हणाली, "आणि तू तिकडं परक्यांच्या बाजूला काय बसलीस? ऊठ. ये इकडं."

दोन रांगांमध्ये चार हातांचं अंतर असेल. तोरिका ते गुडघ्यांवर चालत गेली आणि मावशीच्या शेजारी बसली. म्हातारीने काही जवळ-बिवळ घेतलं नाही. तिचं एक पाऊल ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि ते दाबत बसली. "आलुमिताचे पाय," म्हणाली. एवढंच. मी टॉवेलच्या टोकाने डोळे पुसले. टॉवेल ओला होता, त्यामुळे उपयोग झाला नाही.

आपिसाई मात्र रीतीचा पक्का. तो खाकरला. "लेकीचं झालं. पण हे आठ पाहुणे अजून रिकाम्या हातानेच बसलेत. यांच्या वतीने कोण बोलणार?"

सगळ्यांनी तोरिकाकडे पाहिलं. ती आता या बाजूची होती, तिला कसं बोलता येईल? इनोकेने दाढीतून बोट काढलं आणि माझ्याकडे रोखलं.

"देवीवाला बोलेल."

"साहेब, मी ड्रायव्हर आहे."

"मग हळू चालव," तोरिका पलीकडून म्हणाली.

तेव्हा मी, सुरूज, ज्याने एकोणीस वर्षं हे टाळलं, मांडी घालून बसलो, गुडघ्यांनी बोंब ठोकली, आणि मी सेवुसेवूचं भाषण केलं. तोरिकाकडून ते कानावर पडलेलं होतं, पण झोपेत. मी म्हणालो की, ही जुडी लहान आहे, पाहुणे गरीब आहेत, वाट लांब आहे आणि डिझेल महाग आहे. डिझेलचा भाग मूळ भाषणात नसतो. एका ठिकाणी शब्द अडला तर तोरिका पलीकडून कुजबुजली, आणि इनोके ओरडला, "ए, तिकडच्या माणसाला इकडून फितूर होऊ नकोस!" शेवटी आपिसाईने जुडीला हात लावला. या वेळी आधी हुंगली, मग लावला. पलीकडच्या रांगेतून टाळ्या आल्या, त्यांत तोरिकाचे दोन हात होते. वाट पुन्हा खुली झाली.

यांगोना प्यायलो. जीभ बधिर झाली, ती सुभागवतीच्या मते कायमची व्हायला हवी होती. धबधब्याकडे निघणार तेवढ्यात उनाइसीने तो खराटा तोरिकाच्या हातात दिला आणि दारासमोरच्या फणसासारख्या मोठ्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखालचं अंगण दाखवलं. पाचोळ्याने भरलं होतं.

"हे तुझ्या आईच्या वाटचं. सकाळी ती झाडायची. बरीच वर्षं पडलंय."

ते काही खरं नव्हतं, कालचाच पाचोळा असणार. पण तोरिका कमरेत वाकली आणि झाडायला लागली. डेस्मंडसाहेबांनी मला विचारलं, "हा पण विधीचा भाग आहे का?" मी म्हटलं, "सगळ्यात महत्त्वाचा." मग त्यांनीही झाडू मागितला, म्हणून कुणीतरी घरातून आणखी तीन खराटे आणले आणि आठही पाहुण्यांनी आळीपाळीने अंगण झाडलं. ग्लेनिसबाईंनी झाडतानाचा फोटो काढून घेतला. घरी त्या हातात झाडू धरत नाहीत, असं त्यांनीच सांगितलं.

धबधब्याला पोचायला दुपार कलली. सात वेळा ओढा ओलांडायचा, प्रत्येक वेळी कुणीतरी घसरायचं, हे नेहमीचंच. वर नेच्यांनी भरलेला कडा आणि त्याच्या मधून पाणी सरळ डोहात. नेहमी तोरिका इथे उंची सांगते, खोली सांगते, कोणत्या दगडावर पाय ठेवू नये ते सांगते. त्या दिवशी ती नुसती काठावर उभी होती. मग म्हणाली, "माझी आई इथं पोहायला शिकली." पाण्याच्या आवाजात पाहुण्यांना ते नीट ऐकू गेलं नसावं. मला गेलं. मी उंची आणि खोली सांगून टाकली. दोन्ही चुकीची सांगितली, असं ती नंतर म्हणाली.

परत येताना सगळे झोपले. सावानी मागे पडल्यावर आरशातून आवाज आला, "डेस्मंडसाहेब, तुम्हाला सांगायचं राहिलं. या सुरूजचे पणजोबा ऊस तोडायला जहाजातून आले…" मी गाडीचा वेग वाढवला. पण खरं सांगतो, तो विनोद मला त्या दिवशी बरा वाटला.

घरी सुभागवतीने आधी माझे हात बघितले. "लक्ष्मी कुठंय?"

"आजोळी गेली."

"कुणाच्या आजोळी? झाडू कुठंय ते सांग." मी सगळं सांगितलं. तिने ऐकलं, डोळेही पुसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला पुन्हा बाजारात पाठवलं.

मंगळवारी नवे पाहुणे होते. अकरा माणसं, नऊ टोप्या. वेशीवर तोरिकाने यांगोनाची जुडी माझ्या मांडीवर टाकली. आता सेवुसेवूचं भाषण मीच करतो, आठवड्यातून दोनदा, आणि ती पलीकडे बसून माझ्या चुका मोजते. झोप गेली ती गेलीच. जुडी घेण्याआधी मी ती हुंगतो, आणि गावातली सगळी माणसं वेशीपाशी उभी राहून मला हुंगताना बघतात.

टोप्या उतरत होत्या तोवर तोरिका पुढे निघाली होती. उनाइसीच्या दारामागून तिने खराटा काढला आणि पदर खोचावा तसा सुलू खोचला. गाडीतून उतरलेल्या एका तरुण बाईने तिला हाक मारून विचारलं, "मॅडम, तुम्ही याच गावच्या का?"

"हो," तोरिका म्हणाली. "तुम्ही बसा जरा. मी एवढं अंगण झाडून येते."